फ्रेडी आपला केव्हापासून?

यंदा शाळा उघडण्याच्या सुमारास आमच्या तालुक्याच्या गावी पालकांचा एक मेळावा भरला होता. व्यासपीठावर मीही होतो. आमच्याकडच्या सभांना मराठी शाळेच्या हेडमास्तरला बोलावतात ते बहुधा आभार मानण्यासाठी. प्रमुख वक्ते पुण्या-मुंबईकडे बरीच वर्षे काढून परतलेले एक गृहस्थ होते. मुलांना कोणत्या माध्यमात घालावे या विषयावर बोलता बोलता त्यांनी एकदम विचारले, ‘‘क्वीन हा बँड ऐकला आहे का कुणी? त्याचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पांचगणीचा! सातारा जिल्ह्यातला! इंग्रजी शाळेत शिकला म्हणून जगावर राज्य केले. मराठी शाळेत असता तर भजनी मंडळात टाळ कुटत बसला असता.’’

टाळ्या पडल्या. माझ्या शेजारचे निवृत्त गुरुजी माझ्या कानाशी लागून म्हणाले, ‘‘कसला राजा नि कसली राणी! त्या धांगडधिंग्यानेच पोरे बिघडली.’’

मला दोघांचाही राग आला. आभार मानणाऱ्याला वाद घालता येत नाही. म्हणून तो वाद इथे घालतो आहे.

हेडमास्तरने विलायती बँडवर लिहावे याचे कुणाला नवल वाटेल. धारवाडला एम.ए. करीत असताना वसतिगृहात माझ्या खोलीत हुबळीचा एक मुलगा होता. घरी कन्नड बोलणारा. त्याच्याजवळ एक टेपरेकॉर्डर आणि क्वीनची एक कॅसेट होती. माझ्याजवळ नाट्यगीतांच्या चार कॅसेटी होत्या. एक दिवस त्याचे, एक दिवस माझे, असा करार होता. 1991 च्या नोव्हेंबरात फ्रेडी गेल्याची बातमी आली, तेव्हा त्या मुलाने रात्रभर ती कॅसेट उलटसुलट लावली. दिवस माझा होता, पण मी काही बोललो नाही. इतकीच माझी पात्रता. पण त्यानंतर या चौघांविषयी मिळेल ते वाचत आलो आहे. वक्त्यांनी त्यातले काहीच वाचलेले नाही, असे त्यांच्या भाषणावरून दिसले.

प्रथम पांचगणीचा मुद्दा घेऊ. फ्रेडीचे मूळ नाव फारुख बलसारा. जन्म 5 सप्टेंबर 1946, झांझिबारचा. आईबाप गुजरातेकडचे पारशी. वडील तिथल्या ब्रिटिश सरकारच्या नोकरीत. आठ वर्षांच्या पोराला त्यांनी समुद्र ओलांडून पांचगणीच्या सेंट पीटर्स या निवासी शाळेत ठेवले. 1955 पासून 1963 पर्यंत तो तिथे होता. ‘फ्रेडी’ हे नाव तिथल्या सोबत्यांनी पाडले. तिथेच 1958 मध्ये पाच मुलांनी ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला आणि फ्रेडी त्यात पियानो वाजवू लागला. 1964 च्या जानेवारीत झांझिबारमध्ये क्रांती झाली, रक्तपात झाला, आणि बलसारा कुटुंब जीव मुठीत धरून इंग्लंडात गेले. लंडनजवळच्या फेल्टमला त्यांनी बिऱ्हाड केले.

म्हणजे मुलगा पांचगणीत शिकला हे खरे. पण त्याच शाळेत, त्याच इंग्रजी माध्यमात त्या आठ वर्षांत शेकडो मुले शिकली असतील. त्यातले किती फ्रेडी झाले? माध्यमाने गायक होत असते तर पांचगणीच्या टेबल लँडवर गायकांचा बाजार भरला असता.

पांचगणीचे श्रेय आहे, पण ते निराळे आहे. फ्रेडीच्या चरित्रात एक छोटी हकिकत येते. या मुलाला संगीताचे अंग आहे हे त्या शाळेच्या मुख्याध्यापकांच्या ध्यानात आले. त्यांनी झांझिबारला आईबापांना पत्र लिहिले, की नेहमीच्या फीवर थोडे जास्त पैसे पाठवाल तर मुलाला रीतसर पियानो शिकवता येईल. आईबापांनी होकार दिला. मुलगा शिकला, परीक्षाही दिल्या. एवढेच. ते पत्र कोणत्या भाषेत लिहिले होते याला महत्त्व नाही. ते लिहिले गेले, याला आहे. ते मराठीत लिहिता येते, कन्नडात लिहिता येते, आणि त्याला टपालखर्चाखेरीज काही लागत नाही. वक्त्यांनी भर सभेत पांचगणीची हवा सांगितली, टेकड्या सांगितल्या, इंग्रजी सांगितली. पत्र सांगितले नाही. कारण पत्राचे श्रेय सांगितले, की आपण अशी किती पत्रे लिहिली हा प्रश्न उभा राहतो.

तो प्रश्न मला स्वतःलाही चुकत नाही. त्याकडे पुढे येतो.

दुसरी गोष्ट. क्वीन म्हणजे फ्रेडी नव्हे. आपल्याला एक नायक लागतो आणि त्याच्यामागे झांजा वाजवणारे लागतात. म्हणून बाकीच्या तिघांची नावे वक्त्यांना आली नाहीत आणि श्रोत्यांनी विचारली नाहीत. ती मी सांगतो. ब्रायन मे, रॉजर टेलर आणि जॉन डिकन.

ब्रायनला गिटार हवी होती आणि घरात ती विकत घेण्याइतका पैसा नव्हता. 1963 मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्याने वडिलांबरोबर ती घरीच करायला घेतली. वडील हॅरॉल्ड इलेक्ट्रॉनिक्सचे जाणकार आणि हाताचे कसबी. शंभरावर वर्षांच्या एका जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड निघाले होते. त्यात वाळवीची भोके होती, ती बुजवली आणि त्याची गिटारची मान तासली. तारांचा ताण सांभाळायला जुन्या मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा. खुणांचे ठिपके आईच्या शिवणाच्या डब्यातल्या शिंपल्याच्या गुंड्यांचे. दांडीच्या टोकाला आईची विणकामाची सुई. जवळजवळ दोन वर्षे बापलेक हे काम करीत होते. पुढे ब्रायनने हीच गिटार जन्मभर वाजवली, आणि तीही सहा पेन्सांच्या नाण्याने.

जॉन डिकन हा अबोल मुलगा. 1971 मध्ये त्याने लंडनच्या चेल्सी कॉलेजातून इलेक्ट्रॉनिक्सची पदवी पहिल्या वर्गात मिळवली आणि त्याच वर्षी तो बँडमध्ये आला. रस्त्याकडेच्या कचऱ्याच्या पेटीत त्याला एक टाकलेली सर्किटची पाटी सापडली. ती उचलून त्याने पुस्तकांच्या फळीवर मावेल एवढ्या स्पीकरच्या खोक्यात बसवली, तिला बॅटरी जोडली. त्या खोक्यातून ब्रायनच्या गिटारीचा आवाज व्हायोलिनसारखा, सनईसारखा निघू लागला. मोठमोठ्या रेकॉर्डांत जो वाद्यवृंद ऐकू येतो, तो पुष्कळदा कचऱ्यातल्या त्या पाटीतून आलेला आहे. सत्तरच्या दशकात त्यांच्या रेकॉर्डांच्या वेष्टनावर मुद्दाम छापत, की यात सिंथेसायझर वापरलेला नाही.

रॉजर टेलर दंतवैद्यकीला गेला होता. ते सोडून त्याने जीवशास्त्राची पदवी घेतली. फ्रेडीने ईलिंगच्या कलाशाळेत रेखाटनाची पदविका घेतली आणि बँडची मुद्रा स्वतः काढली. तीत चौघांच्या राशी आहेत. दोन सिंह, एक खेकडा आणि कन्या राशीच्या दोन पऱ्या. स्वतःची रास त्याने मोठी काढली नाही.

आता आमचे गुरुजी. ‘बिघडलेली पोरे’ ती हीच का? चौघांनीही शिक्षण पुरे केले होते. ब्रायन तर त्यापुढे इंपीरियल कॉलेजात खगोलशास्त्रात पीएच.डी. करीत होता. सूर्याभोवतीच्या धूलिकणांच्या गतीचा अभ्यास होता. 1974 मध्ये बँडने जोर धरला, प्रबंध अर्धा राहिला. वडिलांना हे मुळीच रुचले नाही. ज्या माणसाने मुलाबरोबर गिटार घडवली, त्याच माणसाने पुढे मुलाशी बोलणे जवळजवळ टाकले. वर्ष-दीड वर्ष असे गेले. मग ब्रायनने आईवडिलांना विमानाने न्यूयॉर्कला नेऊन मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधला कार्यक्रम दाखवला, तेव्हा कुठे वडिलांचे समाधान झाले. ही हकिकत ब्रायननेच सांगितली आहे. आणि 2007 मध्ये, साठीच्या उंबरठ्यावर, त्याने तो अर्धा प्रबंध पुरा करून पदवी घेतली. माझ्या शाळेत पाच-सहा वर्षांत ‘अभ्यास सुटला तो सुटला’ म्हणून मोडीत काढलेली पोरे मोजायला बसलो तर दोन्ही हातांची बोटे पुरायची नाहीत. इथे तेहतीस वर्षांनी सुटलेले धरले.

धांगडधिंगा हा शब्द गुरुजींनी कोणते गाणे ऐकून वापरला, ते मी विचारले नाही. ‘बोहेमियन रॅप्सडी’ हे 1975 चे गाणे घ्या. पाच मिनिटे पंचावन्न सेकंदांचे आहे, आणि त्यात पालुपद नाही. संथ विलाप, मग ऑपेराचे विडंबन, मग कडकडाट, मग पुन्हा संथ. फ्रेडीच्या डोक्यात आराखडा तयार होता. मधल्या ऑपेराच्या भागात मोठा समूह गातो असे वाटते; प्रत्यक्षात गळे तीनच, फ्रेडी, ब्रायन आणि रॉजर. तिघांनी तेच तेच पुन्हा गायचे, आवाजावर आवाज चढवायचा, असे दिवसच्या दिवस चालले. एकाच टेपवरून इतक्या वेळा फिरवले, की टेपवरचा लेप झिजून ती पारदर्शक होऊ लागली. कंपनी म्हणाली, इतके लांब गाणे रेडिओ लावणार नाही. केनी एव्हरेट नावाच्या रेडिओ निवेदकाने एका शनिवार-रविवारात ते चौदा वेळा लावले. 31 ऑक्टोबरला रेकॉर्ड निघाली आणि पुढे इंग्लंडात ती नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली. गुरुजींना हे गाणे आवडावे असा माझा आग्रह नाही. पण ज्याच्यामागे एवढा रियाज आहे त्याला धांगडधिंगा म्हणू नये. रियाज कशाला म्हणतात हे आमच्या भागात तरी सांगावे लागू नये.

नावाचाही एक आक्षेप मी नेहमी ऐकतो. ‘फारुख बलसारा’ टाकून ‘फ्रेडी मर्क्युरी’ झाला, म्हणजे त्याला आपल्या मुळांची लाज होती, असे म्हणतात. गंमत अशी, की ‘तो आपला’ म्हणणारेच घरी गेल्यावर हे म्हणतात. मी विचारतो, दामल्यांनी ‘केशवसुत’ नाव घेतले, शिरवाडकर ‘कुसुमाग्रज’ झाले, ते लाजेने का? माणिक गोडघाटे तर ‘ग्रेस’ झाले, तोही इंग्रजी शब्द. आणि बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीत 1924 मध्ये जन्मलेले शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळीमठ जगाला कुमार गंधर्व म्हणून ठाऊक आहेत. त्यांच्यावर कर्नाटकाने हक्क सांगावा, महाराष्ट्राने सांगावा, देवासने सांगावा. गाणे कुणाचेच कमी झाले नाही. कलावंत नाव घेतो ते कामाचे असते, घरातले नाव घरात राहते. फ्रेडीच्या आईबापांनी फेल्टमचे घर सोडले नव्हते तोवर तो तिथे येत-जात होता, आणि 27 नोव्हेंबर 1991 रोजी लंडनला त्याचे अंत्यसंस्कार झाले ते पारशी धर्मगुरूंच्या हातून.

तो आपल्या जन्मगावाविषयी, शाळेविषयी चारचौघांत फारसे बोलला नाही, हे मात्र खरे आहे. का, ते त्याच्याबरोबर गेले. पण ज्या इंग्लंडात तो सतरा वर्षांचा येऊन पडला, त्या इंग्लंडात 1968 मध्ये ईनॉक पॉवेलसारखा खासदार बाहेरून आलेल्यांविरुद्ध भाषण करून टाळ्या घेत होता. अशा ठिकाणी मूळ गाव न सांगणाऱ्याला आपण, निदान सीमाभागातल्यांनी तरी, दोष देऊ नये. आपल्यापैकी किती जणांनी कचेरीच्या खिडकीपाशी उभे राहून, आता कोणत्या भाषेत बोलावे याचा अंदाज घेत आवाज खाली केलेला आहे? माझ्या शाळेतल्या मुली बसमध्ये एक भाषा बोलतात, उतरल्यावर दुसरी. कधी ते सोयीचे असते, कधी भीतीचे. दोन्हींतला फरक ज्याला कळतो त्याने फ्रेडीवर बोट ठेवू नये.

आता पैशाकडे येतो, कारण बँड मोडतात ते बहुधा पैशाने. आणि आपल्याकडची नाटक मंडळे, वाचनालये, शिक्षणसंस्था मोडतात त्याही कशाने, हे वाचकांना ठाऊक आहे. क्वीनचा पहिला करार अडाणीपणाचा होता. रेकॉर्डा खपत होत्या, परदेशांत दौरे होत होते, आणि हातात आठवड्याला साठ पौंड पडत होते. 1975 मध्ये त्यांनी वकील गाठून त्या करारातून सुटका करून घेतली. पण पुढे भांडण घरातले निघाले. ‘बोहेमियन रॅप्सडी’च्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला रॉजरचे एक गाणे होते. रेकॉर्ड खपली ती पुढच्या बाजूमुळे, पण हिशेबाने मागच्या बाजूच्या लेखकालाही तितकेच पैसे मिळाले. त्यावरून वर्षानुवर्षे धुसफूस राहिली. गाणे कुणाचे, नाव कुणाचे, वाटा कुणाचा?

चौघेही लिहिणारे, हेच त्यांचे बळ आणि हेच त्यांचे दुखणे. क्रिकेटच्या मैदानावरसुद्धा ज्याच्या ठेक्यावर लोक टाळ्या-पाय वाजवतात ते ‘वुई विल रॉक यू’ ब्रायनचे. त्याच्याबरोबर 1977 मध्ये आलेले ‘वुई आर द चँपियन्स’ फ्रेडीचे. 1980 मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेले ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ त्या अबोल डिकनचे. 1984 चे ‘रेडिओ गा गा’ रॉजरचे. आमच्या एखाद्या मंडळात असे चौघे असते तर चार मंडळे झाली असती आणि चौथ्याचे उद्‌घाटन मंत्र्यांच्या हस्ते झाले असते. यांनी काय केले? 1989 च्या ‘द मिरॅकल’पासून ठरवले, की गाणे कुणीही लिहो, नाव चौघांचे. मूळ कुणाचे हे न छापता ‘क्वीन’ एवढेच छापायचे, पैसेही सारखे वाटायचे. भांडून झाल्यावर, पन्नाशीच्या आतच, त्यांना हे सुचले. मी बत्तीस वर्षे शिक्षणसंस्थांत आहे. निमंत्रणपत्रिकेत नाव कितव्या ओळीत छापले यावरून स्नेहसंमेलने बंद पडलेली पाहिली आहेत. वक्त्यांना पांचगणीऐवजी हे सांगता आले असते.

13 जुलै 1985 चा लंडनच्या वेंब्लीचा ‘लाइव्ह एड’ हा इथिओपियाच्या दुष्काळनिधीचा कार्यक्रम तर सर्वांनाच ठाऊक आहे. प्रत्येकाला वीसेक मिनिटे मिळाली होती. पुष्कळ नामवंत असेच येऊन गाऊन गेले. क्वीनने आधी एक नाट्यगृह घेऊन त्या वीस मिनिटांची घड्याळ लावून तालीम केली होती, कोणते गाणे किती कापायचे तेही ठरवून. म्हणून त्या दिवशी लोकांच्या लक्षात राहिले ते हेच.

2018 च्या ‘बोहेमियन रॅप्सडी’ या चित्रपटात मात्र असे दाखवले आहे, की बँड फुटला होता आणि त्या दिवसापुरता सांधला गेला. फ्रेडीने आपले दुखणे सोबत्यांना त्याआधी सांगितले. हे खरे नाही. दोनच महिन्यांपूर्वी, मे 1985 मध्ये, ते एकत्र दौरा संपवून आले होते, आणि फ्रेडीच्या आजाराचे निदान झाले ते 1987 मध्ये. चित्रपटवाल्यांना तालमीपेक्षा चमत्कार बरा वाटतो. माझ्या विद्यार्थ्यांनी क्वीन पाहिला तो याच चित्रपटात, म्हणून त्यांनाही ‘टॅलेंट’ म्हणजे रडून-भांडून ऐनवेळी उगवणारी वस्तू वाटते. दोष त्यांचा नाही.

मी त्यांच्या आरत्या ओवाळायला बसलेलो नाही. 1984 च्या ऑक्टोबरात, वंशभेदी राजवटीमुळे दक्षिण आफ्रिकेवर कलावंतांचा बहिष्कार असताना, हेच चौघे तिथल्या सन सिटीत पैसे घेऊन गायले. इंग्लंडातल्या वादकांच्या संघटनेने त्यांना दंड केला, संयुक्त राष्ट्रांच्या काळ्या यादीत नाव गेले. आम्ही राजकारण करीत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. हे म्हणणे मला पटत नाही. ज्या देशात प्रेक्षकाची खुर्ची कातडीच्या रंगावरून ठरते, तिथे गाणे हेच राजकारण असते. झांझिबारहून पळून आलेल्या माणसाला ते कळायला हवे होते.

आता शेवटचा आणि अवघड मुद्दा. फ्रेडीला एड्स झाला होता. 23 नोव्हेंबर 1991 रोजी त्याने ते जाहीर केले आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. वय पंचेचाळीस. शेवटची काही वर्षे वर्तमानपत्रवाले त्याच्या दाराशी कॅमेरे लावून बसले होते. तिघा सोबत्यांना सर्व माहीत होते, आणि त्यांनी बाहेर एक अक्षर काढले नाही. उभे राहण्याची ताकद नसताना तो येऊन गात होता, आणि हे तिघे त्याच्या वेळेप्रमाणे आपली वेळ ठरवत होते. त्याने मागे ठेवलेल्या आवाजाभोवती पुढे त्यांनी ‘मेड इन हेवन’ पुरा केला, तो 1995 मध्ये. मृत्यूनंतर पुन्हा काढलेल्या ‘बोहेमियन रॅप्सडी’चे पैसे एड्सग्रस्तांच्या मदतीसाठी दिले, आणि 1992 च्या वेंब्लीच्या श्रद्धांजली कार्यक्रमातून त्याच कामासाठी निधी उभा केला. डिकन 1997 नंतर गाण्यातून निवृत्त झाला. ब्रायन आणि रॉजर निरनिराळ्या गायकांना सोबत घेऊन कार्यक्रम करीत राहिले, पण फ्रेडीची जागा भरली असे दोघांनीही कधी म्हटले नाही.

फ्रेडी पुरुषांवर प्रेम करणारा होता. हे वाक्य दिवाळी अंकात लिहिताना हेडमास्तरचा हात अडखळतो, हे कबूल करतो. पण ते न लिहिता ‘तो आपला’ म्हणणे ही लबाडी आहे. 2006 मध्ये त्याच्या साठाव्या जन्मदिनाचा सोहळा झांझिबारमध्ये व्हायचा होता, त्याला एका धार्मिक संघटनेने याच कारणावरून विरोध केला. त्यांनी निदान सरळ सांगितले, की तो आमचा नाही. आपण हुशार. आपण त्याची कीर्ती घेतो, शाळेचे नाव घेतो, जिल्हा घेतो, आणि उरलेला माणूस दाराबाहेर ठेवतो. त्या मेळाव्यात टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी तो पंधराव्या वर्षी असता, दात पुढे असलेला, मुलींसारखा हसतो म्हणून वर्गात चिडवला जाणारा, पियानोवरून न उठणारा, तर त्याचे काय केले असते? ते सांगा, मग तो कुणाचा ते ठरवू.

मी काय केले असते ते मला माहीत आहे. कारण मी ते केले आहे.

नव्याने नोकरीला लागलो होतो. नववीत एक मुलगा होता. घरी कन्नड आणि मराठी दोन्ही, वडील बाजारपेठेत मापाडी. त्याने खोक्याच्या फळ्या, सायकलच्या ब्रेकच्या तारा आणि मोडक्या रेडिओचा स्पीकर जोडून गिटार केली होती. ती तो मधल्या सुटीत वाजवायचा. आवाज वाईट होता, पण येत होता. मी त्याच्या वडिलांना पत्र लिहिले, की आपला मुलगा अभ्यास सोडून नसते उद्योग करीत आहे, एस.एस.एल.सी. जवळ आली आहे, लक्ष द्यावे. वडील शिक्षकाला मान देणारे होते. त्यांनी ती गिटार बंबात घातली.

मुलगा पास झाला. आज गावात त्याचे मोटर रिवाइंडिंगचे दुकान आहे. शाळेच्या पंपाची मोटर जळली की तोच भरतो आणि बिल चोख घेतो. तो काही फ्रेडी झाला असता असे मी म्हणत नाही. झाला नसता बहुधा. पण झांझिबारला जाणारे पत्रही मुख्याध्यापकानेच लिहिले होते आणि मापाड्याच्या घरी गेलेलेही मास्तरानेच. माध्यमाचा वाद मी जन्मभर घातला आहे, मराठी शाळेसाठी भांडलो आहे, पुढेही भांडेन. पण ते पत्र मी शुद्ध मराठीतच लिहिले होते.

मेळाव्यानंतर आठवड्याने मी त्या दुकानात गेलो आणि त्याला ब्रायन मेच्या गिटारीची हकिकत सांगितली. शेकोटीचे लाकूड, गुंड्या, सुई. तो हातातली तांब्याची तार गुंडाळत ऐकत होता. एवढेच विचारले, ‘‘सर, स्प्रिंगा कसल्या घातल्या होत्या?’’

‘‘मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या.’’

‘‘बरोबर आहे,’’ तो म्हणाला. ‘‘त्या ढिल्या पडत नाहीत.’’

यंदा माझ्या शाळेतली चार मुले संमेलनात बँड बसवू म्हणतात. एक गिटार, एक पेटी, एक ढोलक आणि गाणारी मुलगी. मुलगी कन्नड घरातली, दोन्ही भाषांत गाते. शिक्षकांच्या बैठकीत आक्षेप आले. बँड लग्नाच्या वरातीत असतो, असे एक जण म्हणाले. भाषा कोणती ठेवायची, असे दुसऱ्याने विचारले. नाव कुणाचे पुढे छापायचे, असे तिसऱ्याने. मी त्यांना शाळा सुटल्यावर एक तास विज्ञानाची खोली दिली आहे. किल्ली पेटीवाल्याकडे असते. नावे अकारविल्हे छापायची ठरली आहेत. आणि चारही घरी मी पत्रे लिहिली आहेत. एक कन्नडात, त्यातल्या चुका त्या मुलीनेच दुरुस्त केल्या.

वक्त्यांना माझी विनंती एवढीच, की पुढच्या सभेत पांचगणी सांगायची झाली तर ते पत्रही सांगावे. गुरुजींना विनंती, की एकदा विज्ञानाच्या खोलीच्या दारापाशी येऊन ऐकावे. आवाज अजून वाईट आहे. आणि वाचकहो, दिवाळीच्या सुटीत तुमच्या माडीवर कुणी पोर काही ठोकत, जोडत, बडवत बसले असेल, तर खालून ओरडण्याआधी वर जाऊन बघा काय करते आहे ते. त्याला एखादी स्प्रिंग कमी पडत असेल.